आरसी बुकातलं इंजिन

यंदा महाशिवरात्रीला मार्कंड्याला जाऊन आलो. बरीच वर्षं राहून गेलं होतं. पुण्यात "मार्कंडा" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसतं, म्हणून आधी पत्ता सांगतो. चंद्रपूरहून मूल, मूलहून चामोर्शीच्या रस्त्यानं वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. चामोर्शीच्या जवळ, नदी जिथे थोडा वेळ उत्तरेकडे वाहते, तिथे मार्कंडेश्वराच्या देवळांचा समूह आहे. भिंतींवरच्या शिल्पांमुळे लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. (महाराष्ट्रात प्रत्येक सुंदर गोष्टीला दुसऱ्या गोष्टीचं नाव का द्यावं लागतं, कुणास ठाऊक!)

पण आजचा विषय देऊळ नाही. विषय आहे मामाची जीप.

मामाचं गाव याच तालुक्यात. १९९१ च्या शिवरात्रीला मी सहावीत होतो आणि मामाच्या जीपमधून यात्रेला गेलो होतो. जीपमध्ये आम्ही किती जण होतो ते सांगत नाही, कारण आज तो आकडा वाचून कुणीही हादरेल. यंदा गेलो तर जीप गोठ्याशेजारच्या पडवीत उभी. टायर बसलेले, टपाची ताडपत्री उंदरांनी खाल्लेली. मामा आता ऐंशीच्या घरात आहे. त्यानं ट्रंकेतून आरसी बुक काढून हातात दिलं आणि म्हणाला, "पाय बरं बाबू, याचं काही होते का?"

आरसी बुकात लिहिलं होतं: १९६८ चं मॉडेल, इंधन पेट्रोल. मी बॉनेट उघडलं. आत डिझेल इंजिन!

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. १९९०-९१ च्या थंडीत मामानं भंगारातलं डिझेल इंजिन आणून जीपला बसवलं, ही आमच्या घरातली दंतकथाच आहे. पण कागद आणि लोखंड यांची इतकी उघड फारकत मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्या धंद्यात याला 'डॉक्युमेंटेशन अपडेट केलं नाही' म्हणतात. परत आल्यावर मात्र दोन-तीन शनिवार या इंजिनबदलाच्या इतिहासात घालवले. मामाची गोष्ट एकट्या मामाची नाही, हे तेव्हा कळलं.

सुरुवात जीपपासूनच करू. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या बऱ्याच जिथे होत्या तिथेच लिलावात निघाल्या. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९४५ ला मुंबईत 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन झाली. १९४८ मध्ये ती 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली आणि त्याच सुमारास माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल आपल्याकडे वर्षानुवर्षं निघालं. वनखातं, पाटबंधारे, पोलीस, बीडीओसाहेब, सगळ्यांची जीप ती हीच.

या सीजे-३बीच्या पोटात 'हरिकेन' नावाचं पेट्रोल इंजिन असायचं. चार सिलिंडर, सुमारे २,२०० सीसी, ताकद ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास. इंजिन चिवट, पण पिणारं. जंगलातल्या रस्त्यांवर, लो गिअरमध्ये, माणसं भरून लिटरला सात-आठ किलोमीटर मिळाले तरी खूप. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होतं तेव्हा याची कुणाला फिकीर नव्हती. आणि सरकारी जीपचं पेट्रोल सरकार भरत होतं, त्यामुळे इथेही नव्हती.

मग आलं १९७३. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं, अरब देशांनी तेल रोखलं, आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं कच्च्या तेलाचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. आपल्याकडे पेट्रोल इतकं भडकलं की नोव्हेंबरमध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. डिझेलवर मात्र ट्रक, एसट्या, ट्रॅक्टर आणि शेतीपंप चालत होते, म्हणून सरकारनं ते पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त ठेवलं. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं हा फरक कमी-जास्त टिकला. भंगारातल्या इंजिनांचा सगळा बाजार या एका फरकावर उभा राहिला.

गणित करून बघू. पेट्रोलचा भाव १०० धरा आणि डिझेलचा ४५. पेट्रोल जीप लिटरला ८ किलोमीटर, डिझेल जीप १२. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचा खर्च १२.५ आणि डिझेलचा पावणेचार. तिपटीहून जास्त फरक! भाड्यानं जीप चालवणाऱ्याला हे कळायला वही-पेन्सिल लागत नाही.

"मग नवीन डिझेल गाडीच का घेत नव्हते?" असा प्रश्न आजच्या पोरांना पडेल. बाबांनो, तो परवान्यांचा जमाना होता. १९७० च्या दशकात सबंध देशात वर्षाला चाळीस हजारही मोटारी धड बनत नव्हत्या. नंबर लावायचा आणि वाट पाहायची. १९९० पर्यंत परिस्थिती थोडी सुधारली, पण नवीन डिझेल जीप लाखाच्या वर होती आणि खेड्यातल्या माणसाला इतकं कर्ज कोण देणार? भंगारातलं चालू इंजिन त्याच्या दहाव्या हिश्श्यात यायचं. जुनी गाडी टाकून द्यायची ऐपत नव्हती आणि तिला पेट्रोल पाजायचीही नव्हती. मग राहिला हा मधला रस्ता.

गंमत म्हणजे हा रस्ता गॅरेजवाल्यांनी शोधलेला नाही. इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचं पी-६ हे सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन पेट्रोल ट्रकमध्ये बसवायला म्हणूनच फार खपलं. मद्रासच्या सिम्पसन कंपनीनं पर्किन्स इंजिनं इथे बनवायला घेतली आणि कितीतरी जुन्या पेट्रोल ट्रकांना त्यांनी नवं आयुष्य मिळालं. खुद्द महिंद्रानंही तेच केलं. १९६३ पासून त्यांच्या भागीदारीत इंटरनॅशनल हार्वेस्टरचा बी-२७५ ट्रॅक्टर बनत होता. तेलाचा भडका उडाल्यावर त्याच ट्रॅक्टरच्या कुळातलं २,३५० सीसीचं डिझेल इंजिन जीपच्या बॉनेटखाली गेलं. नंतर फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून २,११२ सीसीचं डिझेल आलं. म्हणजे कंपनीनं कारखान्यात जे केलं, तेच मिस्त्रीनं कडुलिंबाखाली केलं. फरक एवढाच की कंपनीकडे ड्रॉइंग होतं आणि मिस्त्रीकडे दोरी.

आता मामाची गोष्ट. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत गिळलं आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या सरकारनं इंधनावर २५ टक्के अधिभार लावला. मामाची जीप तेव्हा लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याचे पेशंट आणि यात्रेकरू यांच्यावर चालायची. भाडं वाढवलं तर लोक बैलगाडी जुंपायचे. मामानं मामीच्या पाटल्या गहाण टाकल्या आणि मिस्त्रीला घेऊन नागपूरच्या भंगार बाजारात गेला. पाटल्यांचा विषय मामी अजून काढते.

भंगारात इंजिन कसं निवडायचं, हे मामा अजून बोटांवर सांगतो. आधी हातानं फिरवून बघायचं. अडकलेलं असेल तर पुढे जायचं. ऑइल बोटांवर घ्यायचं. ते ताकासारखं पांढरट असेल तर पाणी मिसळलंय, म्हणजे गॅस्केट गेलंय किंवा हेडला तडा आहे. चालू करून दाखवत असतील तर ऑइलचं झाकण काढायचं. तिथून भकाभका धूर आला तर रिंगा आणि लायनर संपलेले. आणि शेवटी नंबर बघायचा. नंबरावर कानस फिरवलेली दिसली तर इंजिन चोरीचं, फुकट दिलं तरी घ्यायचं नाही.

त्या दिवशी तीन इंजिनं होती. मॅटॅडोरचं, प्यूजोचं आणि इंटरनॅशनलचं. मामाचा जीव प्यूजोवर होता, कारण ते हलकं आणि पळणारं. मिस्त्रीनं इंटरनॅशनल घ्यायला लावलं. त्याची कारणं मला एखाद्या चांगल्या सिस्टिम आर्किटेक्टसारखी वाटतात. पहिलं, हे इंजिन मोडीत निघालेल्या जीपमधूनच उतरवलेलं होतं, बेल हाउसिंगसकट. म्हणजे गिअरबॉक्सशी जोडायला वेगळी प्लेट कातून घ्यायला नको. अशी प्लेट लेथवर बनवताना मध्यबिंदू केसभर जरी सरकला तरी क्लच आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग काही महिन्यांत खलास होतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं होतं. "भाऊ, याचं सामान ट्रॅक्टरच्या दुकानात भेटते. पिजोचं सामान आणाले तू नागपूरले जाशील का दरखेपी?" गाडी जिथे बिघडणार तिथे जे मिळतं, तेच घ्यायचं. एवढी साधी गोष्ट विसरून आम्ही लोकांनी किती प्रोजेक्ट बुडवलेत!

काम चालू झालं ते आंब्याच्या फांदीला चेनकुप्पी टांगून. पेट्रोल इंजिन वर गेलं, बाजूला झालं. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, कॉइल, प्लग, सगळं एका पोत्यात. इंजिन आत टेकवणं हा तर कामाचा निम्माच भाग. खरं काम नंतरचं. फाउंडेशनचे ब्रॅकेट कापून नव्यानं वेल्ड केले. डिझेलला टाकीकडे परत जाणारी नळी लागते, ती टाकली. मोठा सेल्फ फिरवायला मोठी बॅटरी आली. डिझेल इंजिन जड, म्हणून जीपचं नाक खाली गेलं. मग पुढच्या पाट्यांमध्ये एकेक पान वाढवलं. आणि चावी! पेट्रोल गाडीची चावी फिरवली की ठिणगी बंद, इंजिन बंद. डिझेलला ठिणगीच नसते. त्याचं तेल तोडावं लागतं. म्हणून डॅशबोर्डखाली एक ओढायची वायर आली. चावी काढून खिशात घातली तरी इंजिन धडधडतच राहायचं, आणि आम्हा पोरांना ही जादू वाटायची.

एक गोष्ट मात्र कुणालाच बदलता आली नाही. सीजे-३बीचा मागचा डिफरन्शियल ५.३८ चा. म्हणजे चाकाच्या एका फेरीला, टॉप गिअरमध्ये, इंजिनच्या पाच फेऱ्यांहून जास्त. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्या घ्यायचं, तेव्हा चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला तर ताशी १०० किलोमीटर. ट्रॅक्टरच्या कुळातलं डिझेल ३,००० च्या आसपासच धापा टाकतं. मग ताशी ७५, बस्स. मामाची जीप साठच्या वर कधी गेली नाही, आणि आमच्या भागातल्या रस्त्यांवर कुणाला त्याचं दुःखही झालं नाही.

हा खटाटोप फक्त आपल्याकडे झाला असंही नाही. मनिलात अमेरिकन सैन्याच्या उरलेल्या जीपांच्या लांबलचक जीपनी झाल्या आणि पुढे त्यांच्यात जपानमधून आलेली सेकंडहँड इसुझू आणि मित्सुबिशी डिझेल इंजिनं बसली. हवानामध्ये १९५० च्या दशकातल्या अमेरिकन गाड्या निर्बंधांमुळे सुट्या भागांना मुकल्या आणि रशियन इंजिनांवर धावू लागल्या. अमेरिकेतली पोरं हौसेनं इंजिनं बदलायची, जास्त पळावं म्हणून. बाकीच्या जगानं बदलली ती गाडी चालू राहावी म्हणून.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख 'जुगाड झिंदाबाद' छापाचा झाला असता. पण खर्च वाचतो तेव्हा तो कुठेतरी दुसरीकडे जमा होत असतो. मुंबईत पद्मिनी टॅक्सीवाल्यांनी हेच गणित मांडलं आणि पेट्रोल काढून डिझेल इंजिनं बसवली. किलोमीटरचा खर्च उतरला, धूर मात्र सगळ्या शहरानं प्यायला. १९९९ मध्ये धुराविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली, परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि त्यानंतरच्या आदेशांनी जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे जावं लागलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा सगळे हळवे झाले होते. मीही झालो. पण त्या डिझेल धुराबद्दल कुणी हळवं झाल्याचं मला आठवत नाही.

मामाच्या जीपमध्ये तो खर्च कागदावर जमा झाला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार इंजिन बदललं तर चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं. भंगारवाल्यानं बिल दिलं नव्हतं, फक्त एक चिठ्ठी. बिलाशिवाय नोंद होणार नाही म्हणून मामा गेलाच नाही. चौदा दिवसांची मुदत होती, पस्तीस वर्षं झाली. मी त्याला विचारलं, "तेव्हा एखादा अपघात झाला असता तर? विमा कंपनीनं इंजिनचा नंबर पाहिला असता तर?" मामा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्याचाच भेव वाटे गा. दर शिवरात्रीले नारळ फोडो ते काऊन फोडो?" मी सहावीत त्या जीपमध्ये बसलो होतो. माझ्यासकट सगळ्यांचा विमा तो एक नारळ होता.

आता तो बाजारच राहिला नाही. जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल सरकारी भावातून मोकळं झालं. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल काही काळ पेट्रोलपेक्षा महाग होतं. ज्या फरकावर सगळं उभं होतं तोच विरघळला. आणि आजच्या गाडीतून इंजिन उतरवून दुसरीकडे बसवायचं तर त्याचा ईसीयू, वायरिंगचा जुडगा, सेन्सर आणि चावीतली चिपसुद्धा बरोबर न्यावी लागते. नाहीतर इंजिन ओळखच देत नाही. मामाच्या मिस्त्रीला दोरी आणि पाना पुरायचा. आता माझ्यासारखा लॅपटॉपवाला लागेल, आणि मला साधी नोझल खोलता येत नाही.

मग या जीपचं काय करायचं? मी मामाला सरळ सांगणार होतो की मोडीत काढ. पण त्यानं मला पडवीच्या कोपऱ्यात नेलं आणि धानाच्या बारदान्याखालून एक लोखंडी धूड उघडं केलं. हरिकेन! ग्रीस फासून ठेवलेलं, प्लगच्या भोकांत लाकडी खुंट्या मारलेल्या. मी आरसी बुकातला नंबर ताडून पाहिला. तोच. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, सगळं पोत्यात जसंच्या तसं. भंगारवाले कितीदा मागून गेले, त्यानं दिलं नाही. "कागदावर त्याचाच नंबर आहे ना," एवढंच म्हणाला.

म्हणजे कायद्याच्या नजरेत मामाची जीप पस्तीस वर्षं बारदान्याखालीच होती.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात असलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. रोज वापरायची नाही, भाड्यानं तर नाहीच. मामाच्या जीपला अठ्ठावन्न झाली. अडचण एकच, इंजिनाची. आणि ते बारदान्याखाली आहे. वर्षातून शंभर-दोनशे किलोमीटर चालवायची तर लिटरला आठ काय आणि बारा काय! १९९० मध्ये ज्या गणितानं पेट्रोल इंजिन बाहेर काढलं, तेच गणित आज ते परत आत घालायला सांगतंय.

मार्कंड्याच्या देवळावर वीज पडून शिखर कोसळलं आणि चांद्याच्या गोंड राजांच्या काळात त्याची डागडुजी झाली, असं सांगतात. त्यांनी टेकू दिले, आधार घातले. मूळ कारागिरीशी ते जुळत नाहीत, पण त्यांनी देऊळ उभं ठेवलं. मामाचं डिझेल इंजिन मला तसलं वाटतं. वेळ निभावून नेली, आता उतरवायला हरकत नाही. फेकायचं मात्र नाही. गावातल्या एकाला ते शेततळ्यावरच्या पंपाला हवंय. यावेळी बिल करून देणार.

निघायच्या दिवशी मामा म्हणाला, एकदा चालू करून पाहू. पुण्याहून फोनवर व्हिडिओ बघत हवा काढली, ट्रॅक्टरची बॅटरी लावली. तिसऱ्या खेपेला धडधडलं. रस्त्यावर काढली नाही, अंगणातच एक फेरी मारली. मामी दारात उभी राहून बघत होती. मग मामानं चावी फिरवून काढून माझ्या हातात दिली. इंजिन चालूच. तो हसला, खाली वाकला आणि वायर ओढली.

बोअर करायला टाकायच्या आधी हरिकेनच्या पिस्टनची मापं घेऊन आलोय. हा शनिवार ती शोधण्यात जाणार.